चाखण्याची वही

"काय बैनजी, आज का लिख दओ?" रामकलीनं विचारलं. "रोज तौ तनक सो लिखत हौ, आज पूरी पाँत भर दई." ती ओले हात पदराला पुसत माझ्या खांद्यावरून वहीत डोकावत होती, आणि मी पेनाचं टोपण दातात धरून कशालातरी हसत होते. कशाला ते आता आठवत नाही. डिसेंबरात आमच्या शाळेत हसायला कारण लागत नाही, ऊन पडलं तरी पुरतं. मी वहीत पाहिलं. तारीख दोन, वार सोमवार, हजर मुलं सदतीस. 'स्वाद' या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: बहुत ही बढ़िया बना है, बच्चों ने दो-दो बार लिया. आणि त्याच्या अलीकडे, काय शिजलं त्या रकान्यात, तेही माझ्याच अक्षरात: रोटी, भटे का भरता. भटा म्हणजे वांगं. मी वांगं खाल्लं होतं. एक घास नव्हे, चांगली वाटी भरून, आणि वर रोटीच्या तुकड्यानं वाटी पुसून. जिभेवर अजून कच्च्या मोहरीच्या तेलाचा झणका होता आणि दाढेत कांद्याचा तुकडा अडकला होता. तीन वर्षांचा नवस, आणि घास तोंडात जाताना मला आठवणसुद्धा झाली नाही! "कछू नईं," मी रामकलीला म्हटलं, "अच्छा बना है, यही लिखा है." ती लाजली. मग म्हणाली, "इत्तो बड़ो अच्छो?" आणि भांडी घासायला हातपंपाकडे गेली.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वांग्याचं काय घेऊन बसली ही बाई. सरकारी शाळेत दुपारचं जेवण मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं चाखायचं असा नियम आहे. चाखायचं, वहीत लिहायचं, सही करायची, मग पंगत. आमच्या खजुरीच्या शाळेत शिक्षक दोनच. एक हेडमास्तर जयसिंगजी, ज्यांचं अर्धं आयुष्य मीटिंगांत जातं, आणि दुसरी मी, मुग्धा. म्हणजे चाखायचं काम माझंच. तीन वर्षं मी रोज एक चमचा तोंडात टाकते आणि 'ठीक' लिहिते. चांगलं झालं तरी ठीक, मीठ कमी पडलं तरी ठीक. लिहून हात मोकळा करायचा, झालं. फक्त वांगं शिजलं की वही जयसिंगजींपुढे सरकवायची, "सर, आज आप," आणि ते बिचारे का म्हणून न विचारता चाखायचे. त्या सोमवारी ते मीटिंगला गेले होते. गॅस संपला होता म्हणून रामकलीनं चूल पेटवली, कुणाच्यातरी शेतातून टोपलीभर वांगी आलेली, ती गोवऱ्यांवर भाजली, आणि मी हल्के नावाच्या पोराला हातच्याची वजाबाकी समजावत असताना तिनं माझ्या हातात वाटी ठेवली. बावन्नातून सतरा गेले किती, असं म्हणता म्हणता मी वाटी संपवली.

नवस खंडोबाचा होता. बदली होऊन झाशीत येईपर्यंत वांगं तोंडाला लावणार नाही, असा. खरं तर खंडोबा माझ्या माहेरचा नाही. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून इथं आले, आणि आमच्या क्वार्टरमध्ये देव म्हणजे भिंतीवरचं गणपतीचं कॅलेंडर. खंडोबा सासरचा. सासरची मंडळी इथं पेशवाईत आलेली, तेव्हापासून खंडेराव गेटच्या आसपासच घरं बदलत राहिली. आता आम्ही एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो, पण देव्हारा मात्र तोच. तीन वर्षांपूर्वी खजुरीत पहिला दिवस भरून मी घरी आले ती सरळ रजई ओढून रडत बसले होते. बावीस किलोमीटर स्कूटी, शेवटचे चार किलोमीटर नुसते खड्डे. शाळेत खोल्या दोन, त्यातल्या एकीत शेळ्या. मुलांना मी काय म्हणते ते कळेना आणि मला त्यांची बुंदेली कळेना. त्यात एका मुलीनं माझ्या टिकलीला हात लावून पाहिला तेव्हा मी दचकून ओरडले, आणि ती रडायला लागली, आणि मग मीही. सासूबाई, कमल त्यांचं नाव, पण आईच म्हणते मी त्यांना, त्या उशाशी येऊन बसल्या. "देवाला सांग," म्हणाल्या. "आवडीचं काहीतरी सोड, म्हणजे त्यालाही पटेल." मला जगात वांग्याइतकं काही आवडत नाही. आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्याकडे वांगं तसंही बंद असतं, चंपाषष्ठीला देवाला भरीत-भाकरी दाखवली की सुटतं. माझं तेव्हाही सुटत नव्हतं. आणि आईंचंही. "सून तोंड दाबून बसणार आणि मी भरीत चापणार, हे मला जमायचं नाही," असं म्हणून त्यांनीही सोडलं. तीन वर्षं त्या नैवेद्यापुरतं भरीत करतात, वास घेतात, आणि पातेलं खालच्या गुप्ताजींकडे पाठवतात. गुप्ताजींची मात्र चंगळ झाली आहे.

तेव्हा त्या सोमवारी परत येताना माझी काय अवस्था झाली असेल बघा. हृषीकेशची, म्हणजे नवऱ्याची, माकडटोपी घालून मी स्कूटी चालवत होते. कुणी ओळखलं तर ओळखो, कानात वारा गेला की ते रात्रभर ठणकतात. दोन्ही बाजूंना हरभरा, मध्येच मोहरीचा पिवळा तुकडा, आणि डोक्यात एकच: आजच, आजच घट बसले, मार्गशीर्षातला पहिला दिवस, सकाळी मी स्वतः दिव्यात तेल घालून निघाले, आणि दुपारी वांगं! देव काय करील याची भीती मला वाटत नव्हती. वाटायला हवी होती, पण नव्हती. मी स्वतःला घाबरवून पाहिलं, लेक जाई आजारी पडली तर, हृषीकेश पडला-बिडला तर, पण मन तिकडे वळेना, ते सारखं भरीत आठवत होतं. कच्चा कांदा, भाजलेली लसूण, वरून कच्चं तेल. आणि त्याच्या खाली एक दुसरी गोष्ट होती, ती मात्र टोचत होती. मी विसरले कशी? पहिल्या वर्षी वांग्याचा वास आला तरी मला बदली आठवायची. दुसऱ्या वर्षी जयसिंगजींना वही देताना निदान एक सुस्कारा तरी निघायचा. या वर्षी वही देते ती अंगवळणी पडलं म्हणून देते. माणूस मागणं विसरतं ते केव्हा? मी ॲक्सिलरेटर पिळला. हा प्रश्न मला नको होता.

घरी आले तर हृषीकेश जिन्यातच उभा. तो वर्कशॉपमध्ये क्लार्क आहे, सहाच्या आत कधी घरी येत नाही, त्या दिवशी साडेचारला आलेला. "मॅडम," म्हणाला, "मिठाई खिलाइए." मला वाटलं याला बढती मिळाली. त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बदल्यांची यादी लागली होती आणि त्यात माझं नाव होतं. सिविल लाइन्सची शाळा. सहा शिक्षिका, फरशा, पंखे, घरापासून दहा मिनिटं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर संमती द्यायची, नाही दिली तर नाव आपोआप गळणार. मी टोपी काढायलाही विसरले. आई देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "घट बसले आणि त्यानं दिलं," त्या म्हणाल्या. "शनिवारी चंपाषष्ठी. शनिवारी तळी भरायची, संमती द्यायची, आणि मग तू आणि मी, दोघी, भरीत खायचं. मी गुप्ताजींना सांगून ठेवलंय, या वर्षी मिळणार नाही." जाई, आमची नऊ वर्षांची, नाचत होती: "मम्मा तीन बजे घर! मम्मा तीन बजे घर!" तिला मराठी कळतं सगळं, उत्तर हिंदीत देते. मी सगळ्यांकडे बघून हसले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी आतून तो शोधत होते, जशा घाईत आपण पर्समध्ये किल्ल्या शोधतो, इथंच तर असतात. दाढेतला कांदा अजून तिथंच होता.

सांगायला हवं होतं त्याच वेळी. नाही सांगितलं. मंगळवारी गेले शाळेत, तर धुकं इतकं की अंगणातला निंब दिसेना. आमच्याकडे डिसेंबरात वर्ग खोलीत भरत नाही, खोल्या थंडगार. वर्ग उन्हाच्या मागे मागे सरकतो. दहाला ऊन हातपंपापाशी येतं, तिथं टाटपट्ट्या, म्हणजे बसायच्या तागाच्या पट्ट्या. साडेअकराला स्वयंपाकघराच्या भिंतीशी. दोनला पश्चिमेच्या कुंपणाशी, शेवटची कविता तिथं. हे मी लावलं, पहिल्या डिसेंबरात, मला थंडी सोसेना म्हणून. आता मुलं मला विचारत नाहीत, घड्याळाकडे बघत नाहीत, सावली पायाला लागली की सगळी एकदम उठतात आणि पट्ट्या ओढायला लागतात, आणि मी बोलत असलेलं वाक्य चालता चालता पूर्ण करते. रामकली भाजी निवडायला आमच्याजवळ येऊन बसते, ऊन कुणाच्या बापाचं नाही असं म्हणून, आणि पाढे चालू असले की तिचेही ओठ हलतात. ती शाळेत कधी गेली नाही. महिनाअखेरीला कागदावर अंगठा उठवते, आणि मग तो निळा अंगठा दिवसभर पदरात लपवते. मी तीन वर्षं ते बघते आहे. त्या मंगळवारी मी हे सगळं जरा जास्तच बघत होते, आणि स्वतःवर चिडत होते. अगं, हे काय, सुटतंय म्हणून गोड लागतंय. कुठलंही गाव सोडताना असंच वाटतं. जाईला ताप आला होता त्या दिवशी तू इथं होतीस, ते आठव. पावसात स्कूटी बंद पडली आणि तू दोन किलोमीटर ढकलत आणलीस, तेव्हा कुठं गेलं होतं हे प्रेम? आईंचे गुडघे बघ. नवऱ्याचा डबा बघ. असं मी स्वतःला खडसावलं, आणि तेवढ्यात बिन्नू आली. बिन्नू म्हणजे तीच, पहिल्या दिवशी टिकलीला हात लावणारी, आता चौथीत. थंडीनं ओठ फुटलेले. मी पर्समधून व्हॅसलिन काढलं, तिनं बोट बुडवलं, आणि मागे रांग लागली. सदतीस जणांचे ओठ चमकायला लागले. पुढचा तास कुणी नीट वाचेना, सगळे ओठ चाटत होते, आणि मी ओरडायचं सोडून हसत होते.

शुक्रवारी मी रजा टाकली. म्हटलं, डोळ्यांनी बघून येऊ, म्हणजे मन ताळ्यावर येईल. सिविल लाइन्सची ती शाळा खरंच चांगली आहे, उगीच नावं ठेवायला मला आवडत नाही. तिथल्या बाई भल्या होत्या, चहा दिला, हीटरजवळची खुर्ची दिली, म्हणाल्या, "आ जाइए मुग्धा जी, हमें गणित के लिए कोई चाहिए ही था." वर्गांतून मुलांचा एका सुरात आवाज येत होता. भिंतीवर तक्ते, दारावर कुंड्या. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मान वर करून बघत राहिले. किती वेळ ते मला कळलं नाही. बाईंनी विचारलं, "कुछ ढूँढ रही हैं?" मी म्हटलं, "नहीं, नहीं." मी ऊन शोधत होते. साडेअकरा वाजले होते आणि तिन्ही बाजूंनी तीन मजले, ऊन फक्त गच्चीच्या कठड्याला लागलेलं. माझ्या पायांना मात्र सवयीनं उठायचं होतं. या वेळी तिकडे पट्ट्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी ओढत असतील, हल्के पट्टीवर बसून राहिला असेल आणि इतर त्याच्यासकट ओढत असतील, जयसिंगजींना वर्ग एकट्यानं सांभाळवत नाही, ते चष्मा कपाळावर घेऊन चष्माच शोधत असतील. आणि त्या गुळगुळीत व्हरांड्यात मला एकदम इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सोमवारपासून जे शोधत होते ते हे. आनंद होता, होता तर खरा, फक्त मी त्याला चुकीच्या शाळेत शोधत होते. बाईंचे आभार मानले, बाहेर आले, लक्ष्मी ताल या तळ्यापर्यंत उगीचच स्कूटी नेली, पाण्याकडे बघत पन्नास ग्रॅम शेंगदाणे संपवले, आणि मग तिथून उठवेना. कारण आता घरी सांगायचं होतं. देवाचं एक वेळ परवडलं, तो तोंडावर बोलत नाही. आईंनी माझ्यासाठी तीन वर्षं वांगं सोडलं होतं.

शनिवारी शाळा करून चारला घरी पोचले तेव्हा जिन्यापासून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. आईंनी नऊवारी नेसली होती. गॅसच्या आचेवर भाजलेली जांभळी वांगी सोलून, कांद्याची पात चिरून, हिंगाची फोडणी देऊन भरीत तयार, बाजरीच्या भाकऱ्या टोपलीत. बाजरी त्यांनी भिंडच्या माणसाकडून मागवली होती. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, जिथं एरवी औषधं असतात, तिथं हृषीकेशनं लॅपटॉप उघडून ठेवला होता आणि पडद्यावर दोन चौकोन: स्वीकार, अस्वीकार. "तळी उचलून झाली की लगेच," तो म्हणाला, "देवासमोरच." तळीला पाच जण लागतात. शास्त्राप्रमाणे पुरुष लागतात, पण झाशीत पाच मराठी पुरुष एका जिन्यात मिळायचे कुठून, म्हणून आम्ही तिघं, जाई आणि खालचे गुप्ताजी. ताम्हणात नारळ, विड्याची पानं, सुपारी, भंडारा. पाच हात ताम्हणाखाली गेले, आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत आम्ही ते तीनदा उचललं. सगळ्यांत मोठा आवाज गुप्ताजींचा. मग भंडारा उधळला, जाई पिवळी झाली, लॅपटॉपही पिवळा झाला, हृषीकेशनं तो फुंकून पुसला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. गुप्ताजी प्रसाद घेऊन, भरिताच्या पातेल्याकडे एकदा बघून, खाली गेले. "चल," हृषीकेश म्हणाला. "दाब."

मी दाबलं नाही. "आई," मी म्हटलं, "मी सोमवारी वांगं खाल्लं."

आईंच्या हातात भाकरीची टोपली होती. त्यांनी ती खाली ठेवली. "घट बसले त्या दिवशी?"

"हो."

"चुकून?"

"चुकून. म्हणजे पहिला घास चुकून."

"किती?"

"वाटीभर."

आई पाटावर बसल्या. मला वाटलं आता संपलं सगळं. हृषीकेश म्हणाला, "अगं पण यादी सोमवारीच दुपारी लागली, म्हणजे देवानं मनावर घेतलं नाही ना, मग आता कशाला ते उकरतेस, सहाला बंद होईल." मी म्हटलं, "हृषी, मला नाही जायचं तिकडे." तो लॅपटॉपपासून वळला. "मग तीन वर्षं तू जी रडगाणी गायलीस ती?" "ती खरी होती रे. ती आता राहिली नाहीत. केव्हा संपली ते मलाच कळलं नाही, सोमवारी कळलं. मला तिथं आनंद होतो. मी काय करू? लाज वाटते मला, जाईला उशीर होतो, तुला डबा स्वतः भरावा लागतो, आईंनी माझ्यापायी एवढं सोडलं, आणि मी निर्लज्जासारखी सांगते आहे की मला तिथं आनंद होतो." तेवढ्यात जाई, पिवळी जर्द, शांतपणे म्हणाली, "मुझे तो पता था. मम्मा मुझे भी तो बिन्नू बुलाती हैं. रोज़." मी म्हणते? हृषीकेशनं मान हलवली. म्हणतेस, म्हणाला, मलाही परवा हल्के म्हणालीस. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की नाकातून जो भयंकर आवाज येतो तोही आला.

मी आईंसमोर जमिनीवर बसले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि मी मेली," त्या म्हणाल्या, "तीन वर्षं भरीत करून करून त्या गुप्त्याला पोसतेय!" मग आवाज खाली आणून: "कशावर भाजलं होतं?"

"गोवऱ्यांवर. चुलीत."

"हं. कांदा परतलेला?"

"कच्चा. आणि लसूण भाजून. वरून मोहरीचं तेल, तेही कच्चं."

"कच्चं? अगं बाई." आईंनी डोळे मिटले. त्या चव लावून बघत होत्या. "हिंग नाही?"

"नाही."

"आई," हृषीकेश म्हणाला, "पाच पंचवीस झाले. नवसाचं काय करायचं ते ठरवा आधी."

"तुझं तू तुझ्या बायकोशी बघ, देवाचं मी बघते," आई म्हणाल्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देव्हाऱ्यासमोर गेल्या, आणि खंडोबाच्या टाकाला अशा बोलल्या की जणू जावयाला समजावत आहेत. "हे बघ. पोरीनं मागितलं, तू दिलंस, आता तिला नको आहे. रागावू नकोस. तू स्वतः काय केलंस? घरदार, म्हाळसा, सगळं सोडून बाणाईसाठी चंदनपुरीला मेंढ्या राखायला गेलास. बारा वर्षं लोकांच्या मेंढ्या राखल्यास आणि परत यायला तयार नव्हतास. तुला नाही कळणार तर कुणाला कळणार?" मग मागे वळून म्हणाल्या, "झालं. ताटं घ्या." हृषीकेशनं एकदा लॅपटॉपकडे पाहिलं. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त ठरलेलं मोडलं की त्रास होतो. मग त्यानंही पाट ओढला, म्हणाला, "डबा मी भरतोच आहे, पण स्कूटीचे ब्रेक उद्या दाखवून घेऊ." आईंनी पहिला घास घेतला. तीन वर्षांनी. चावल्या, थांबल्या, पुन्हा चावल्या, आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमी आहे," आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. आम्ही भाकऱ्या संपवल्या. सहा केव्हा वाजले कुणी पाहिलं नाही; पडदा आपला आपण काळा झाला होता आणि त्यावर भंडाऱ्याची बोटं उमटलेली होती.

सोमवारी मी आईंच्या भरिताचा डबा घेऊन गेले. शिळं नाही, आईंनी पहाटे उठून ताजं केलं, "त्या रामकलीला म्हणावं, हिंग घालून बघ." मुलं पाळ्या लावून हात धूत होती, ऊन भिंतीशी आलं होतं, जयसिंगजी त्या दिवशी चक्क शाळेत होते आणि चष्मा शोधत होते. मी रामकलीचं जेवण चाखलं, वही काढली, लिहिलं, सही केली. मग डबा उघडून तिच्यापुढे धरला. "अब तुम चखो," मी म्हटलं. "हमारे घर का है." ती चुलीपाशी उकिडवी बसली, बोटानं भरीत घेतलं, तोंडात घातलं, आणि आकाशाकडे बघत जीभ फिरवली, अगदी सावकाश. मी वाट बघत राहिले. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि म्हणाली, "लाओ बैनजी, कागज लाओ. चखो है तौ लिखहैं."

मला वाटलं थट्टा करते आहे. मी वही दिली, पेनही दिलं. तिनं पेन मुठीत धरलं, मग बोटांत धरलं, पहिलीतल्या मुलांसारखी जीभ बाहेर काढली, आणि माझ्या सहीच्या खाली, मोकळ्या ओळीत, एक गोल काढला. वरून देठ. मग वेलांटी, लांब, ओळीच्या बाहेर जाणारी. मग क. मग डोक्यावरून रेघ. ठीक. अक्षर माझं होतं. माझी वेलांटी अशीच घाईत ओळीबाहेर जाते, माझा क असाच शेवटी खाली घसरतो. तीन वर्षं रोज दुपारी ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि मला वाटायचं ही नुसतीच वहीत बघते. ती एक शब्द शिकत होती, कारण तिच्या रांधण्यावर मी तेवढा एकच लिहीत होते. "रोज जेई तौ लिखत तीं तुम," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दबलेलं होतं. मी खाली बसले, चुलीच्या राखेत, साडीसकट, आणि हसत सुटले, आणि रडत सुटले, आणि मुलं हात धुवायचं सोडून गोळा झाली. बिन्नूनं वहीत बघून मोठ्यानं वाचलं, "ठीक!" आणि सगळी एकदम ओरडली, "ठीक! ठीक!"

रामकलीनं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. तिनं मागचं पान उलटलं, दोन तारखेवर बोट ठेवलं, त्या लांबलचक ओळीवर. "अब जौ सिखाओ," ती म्हणाली. "भटा वारो. लंबो वारो."

मी टाटपट्टीचं टोक धरलं, तिनं दुसरं धरलं, आणि आम्ही ती उन्हात ओढली. "बैठो," मी म्हटलं. "'बहुत' के ब से शुरू करेंगे."